पाच प्लास्टर आणि चार वर्षांच्या रात्री

मंडळी, नवापूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला साधारण दोनच गोष्टी आठवतात. (म्हणजे काही आठवलंच तर!) पहिली, फेब्रुवारी २००६ मधला बर्ड फ्लू. कोंबड्यांमधल्या या साथीची भारतातली पहिली नोंद आमच्या नवापूरच्या पोल्ट्री फार्मांमधली, आणि त्यानंतर काही दिवस टीव्हीवर नवापूर, नवापूर आणि नवापूरच. दुसरी गोष्ट म्हणजे आमचं रेल्वे स्टेशन. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन काही महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशन मास्तरांचं ऑफिस दुसऱ्या राज्यात आणि मधोमध ते प्रसिद्ध बाकडं. त्याच्या एका टोकाला बसलात तर तुम्ही महाराष्ट्रात, सरकून दुसऱ्या टोकाला गेलात की गुजरातेत.

आज लिहायचंय ते मात्र या दोन्हींबद्दल नाही. आज लिहायचंय जन्मतः वाकड्या असलेल्या पायाबद्दल, आणि तो ऑपरेशनशिवाय सरळ करण्याची पद्धत जगाला इतक्या उशिरा का कळली याबद्दल. हा दोष काही नवापूरचा खास नाही. जगात कुठेही जा, दर हजार बाळांमागे साधारण एक बाळ असा पाय घेऊन जन्माला येतं. पण हा सगळा इतिहास वाचताना मला सारखं वाटत राहिलं, की या उपचाराचा शोध जरी अमेरिकेत लागला असला तरी त्याची खरी परीक्षा आमच्यासारख्या तालुक्यात आहे. का, ते शेवटाकडे सांगतो. आधी गोष्ट.

डॉक्टर याला क्लबफूट म्हणतात, कागदावर सीटीईव्ही असं लिहितात. बाळाचा चवडा आत वळलेला असतो, टाच आत झुकलेली आणि वर ओढलेली असते, आणि तळवा समोर बघण्याऐवजी दुसऱ्या पायाकडे बघत असतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये हे साधारण दुप्पट दिसतं, आणि जवळजवळ निम्म्या बाळांचे दोन्ही पाय तसे असतात. बहुतेक बाळांमध्ये याशिवाय दुसरा कुठलाही दोष नसतो. बाळाला दुखतही नाही. ते मजेत हातपाय हलवत असतं. दुखणं सुरू होतं पुढे, उपचार झाला नाही तर. मूल चालायला लागतं ते तळव्यावर नाही, पायाच्या बाहेरच्या कडेवर, कधी कधी तर चक्क पायाच्या वरच्या बाजूवर. तिथे घट्टे पडतात, जखमा होतात, चप्पल-बूट बसत नाहीत. डोंगरातल्या पाड्यावरून शाळेत, शेतात, बाजाराला सगळीकडे पायी जाणाऱ्या माणसाच्या आयुष्यात याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची चर्चा तिच्या पायापासून सुरू होते आणि तिथेच संपते.

हे का होतं? नक्की कारण अजून सापडलेलं नाही. आनुवंशिकतेचा काही वाटा आहे एवढं नक्की. पण आपल्याकडे कारण सापडायला वेळ लागत नाही! ग्रहणात बाहेर आली असेल, ग्रहणात विळीवर भाजी चिरली असेल, पाय दुमडून बसली असेल. थोडक्यात काय, तर आईचंच काहीतरी चुकलं असेल. आणि हे फक्त पाड्यावर चालतं असं समजू नका. कोथरूड आणि डोंबिवलीच्या फ्लॅटमध्येही ग्रहणाच्या दिवशी गरोदर सुनेला पलंगावर सरळ झोपवून ठेवणारी घरं मी बघितली आहेत, आणि त्या घरांत वायफाय उत्तम असतं. :) ग्रहणाचा आणि वाकड्या पायाचा काडीचाही संबंध नाही. हे वाक्य मुद्दाम वेगळं लिहितोय, कारण बाळ जन्मल्यावर पहिले काही आठवडे जे प्लास्टरला द्यायचे असतात ते पुष्कळ घरांत आईला दोष देण्यात आणि अंगारे-धुपारे करण्यात जातात.

आता इतिहास. वाकड्या पायाचं वर्णन फार जुनं आहे. ग्रीसच्या हिप्पोक्रॅटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत, म्हणजे सुमारे २४०० वर्षांपूर्वी, याचा उपचार दिलेला आहे. लवकर सुरू करा, हाताने हळूहळू वळवा, पट्ट्यांनी बांधून ठेवा, आणि सरळ झाल्यावरही पाय परत फिरू नये म्हणून विशिष्ट बूट घाला. गंमत म्हणजे आज जगभर जे केलं जातं त्याचा सांगाडा जवळजवळ हाच आहे. मग मधली २४०० वर्षं आपण काय करत होतो?

तर, जोर लावत होतो. पुढच्या शतकांत लाकडी-लोखंडी साचे आले, स्क्रू असलेली यंत्रं आली, पाय पिरगाळून सरळ करायचे पाने आले. हो, पाने, नट-बोल्टवाले! हाड मऊ असलेल्या लहान मुलाच्या पायावर अशी ताकद लावली की पाय सरळ दिसतो, पण आतले सांधे चेपले जातात. १८३६ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट घडली. विल्यम जॉन लिटल नावाचा लंडनचा तरुण डॉक्टर जर्मनीत हॅनोव्हरला गेला. लहानपणीच्या पोलिओमुळे त्याचा स्वतःचाच एक पाय असा वाकडा होता. तिथे स्ट्रोमायर या सर्जनने त्वचेला अगदी बारीक छेद देऊन त्याच्या टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, कापली. भूल देण्याचा शोध लागायला तेव्हा अजून दहा वर्षं होती. लिटलचा पाय बराच सुधारला, आणि त्याने ती पद्धत इंग्लंडात नेली. हा बारीक छेद लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

मग १८५०च्या दशकात प्लास्टर ऑफ पॅरिसचे बँडेज आले. मथायसन नावाच्या डच लष्करी डॉक्टरची ही देणगी. विसाव्या शतकात अमेरिकेत अटलांटाच्या डॉ. काइट यांनी ऑपरेशन टाळून फक्त हाताने वळवणं आणि प्लास्टर यांवर भर दिला. माणूस चिकाटीचा होता. पण त्यांच्या पद्धतीत प्लास्टर महिनोन् महिने, कधी कधी वर्षाच्याही वर चालायचं. आणि इतर डॉक्टरांनी तेच केलं की पुष्कळदा पाय पूर्ण सरळ व्हायचाच नाही. मग निष्कर्ष काय निघाला? प्लास्टरने होत नाही, ऑपरेशनच करा.

आपल्या धंद्यात याला ओळखीचं नाव आहे. लॉजिकमध्ये बग आहे, पण दोष दिला जातो हार्डवेअरला.

तो बग सापडला आयोवात. अमेरिकेच्या मधोमध, मक्याच्या शेतांचं राज्य. शोधणारा माणूस मात्र तिथला नव्हता. इग्नासिओ पोन्सेटी यांचा जन्म १९१४ मध्ये स्पेनच्या मिनोर्का बेटावर एका घड्याळजीच्या घरी झाला, आणि लहानपणी ते वडिलांना घड्याळं दुरुस्त करायला मदत करायचे. १९३६ मध्ये बार्सिलोनातून ते डॉक्टर झाले आणि लगेचच स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं. पोन्सेटी रिपब्लिकन बाजूच्या सैन्यात डॉक्टर होते, आणि मोडलेली हाडं जुळवणं हे त्यांचं रोजचं काम होतं. १९३९ मध्ये त्यांची बाजू हरली, तेव्हा चाळीसेक जखमी सैनिकांना घेऊन ते पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये उतरले. तिथून मेक्सिको. तिथल्या एका खेड्यात जवळपास दोन वर्षं साधी डॉक्टरकी. आणि १९४१ मध्ये आयोवा विद्यापीठात अस्थिरोग शिकायला दाखल.

आयोवात त्यांना सुरुवातीच्याच कामांत जुने रुग्ण तपासायला मिळाले. ज्या बाळांच्या वाकड्या पायांची वीसेक वर्षांपूर्वी तिथे ऑपरेशनं झाली होती, ती आता मोठी झाली होती. पाय दिसायला ठीक होते, पण कडक झालेले, अशक्त आणि दुखरे. पोन्सेटींना कळलं की ऑपरेशनच्या टेबलावर सरळ दिसलेला पाय म्हणजे बरा झालेला पाय नव्हे. निकाल वीस-तीस वर्षांनी लागतो.

मग त्यांनी घड्याळजीच्या मुलाला शोभेल असं काम केलं. यंत्र उघडून बघितलं. म्हणजे मृत जन्मलेल्या बाळांच्या पायांचं विच्छेदन करून आतली हाडं कशी फिरतात ते बघितलं. आपल्या घोट्यात टॅलस नावाचं एक हाड असतं. त्याला एकही स्नायू थेट जोडलेला नसतो, ते घोट्याच्या खोबणीत बसलेलं असतं. टाचेचं हाड आणि पुढची हाडं या टॅलसभोवती फिरतात, आणि सुटी सुटी फिरत नाहीत, सगळी एकदम फिरतात. बिजागरीसारखी एका आसावर नव्हे, तर जरा तिरकी, गोलाईत सरकत.

आता काइट यांच्या पद्धतीत काय व्हायचं बघा. चवडा बाहेर वळवताना डॉक्टरांचा अंगठा पायाच्या बाहेरच्या कडेला, साधारण मध्यावर टेकलेला असायचा. त्या जागी दाबलं की टाचेचं हाड अडकून पडतं. दाराच्या फटीत पाचर मारून दार ढकलत बसण्यासारखं. पोन्सेटी म्हणाले, अंगठा तिथून काढा आणि घोट्यापुढे, बाहेरच्या बाजूला जिथे टॅलसचं डोकं हाताला लागतं तिथे ठेवा. टाचेला हात लावू नका. आता चवडा हळू बाहेर न्या. टाच आपोआप मागोमाग येते. फरक म्हणाल तर अंगठ्याच्या जागेचा, दोनेक सेंटीमीटरचा. महिनोन् महिने चालणारं काम पाच-सहा आठवड्यांवर आलं ते एवढ्याने!

त्यांची पूर्ण पद्धत अशी आहे. बाळ एक-दोन आठवड्यांचं झालं की सुरुवात. (उशीर झाला असला तरी करतात, पण लवकर केलेलं सोपं जातं.) डॉक्टर पाय मिनिटभर हळुवार ताणतात आणि मिळालेली जागा टिकवायला बोटांपासून जांघेपर्यंत प्लास्टर घालतात, गुडघा काटकोनात वाकवून. गुडघ्याच्या खालीच थांबलं तर प्लास्टर फिरतं आणि सरकतं. पहिल्या प्लास्टरनंतर पाय उलट जास्तच वाकडा दिसतो आणि घरचे घाबरतात. पण ते मुद्दाम केलेलं असतं, आधी चवडा टाचेच्या रांगेत आणायचा असतो. एका आठवड्यात बाळाचे मऊ अस्थिबंध ताणून थोडे लांबतात. मग प्लास्टर काढायचं, पाय आणखी थोडा बाहेर न्यायचा, नवं प्लास्टर. असं पाच-सहा वेळा. शेवटी पाय साठ-सत्तर अंश बाहेर वळतो, पण टाच मात्र वर ओढलेलीच राहते, कारण मागची शीर आखूड असते. मग बहुतेक बाळांमध्ये जागा बधिर करून ती शीर बारीक छेदाने कापतात. हाच तो १८३६चा छेद! टाकेही लागत नाहीत. त्यावर शेवटचं प्लास्टर तीन आठवडे, आणि तेवढ्यात शीर नव्या लांबीची होऊन जुळून येते.

डॉ. पोन्सेटी यांनी हे सगळं १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू केलं आणि १९६३ मध्ये अस्थिरोगाच्या नामांकित अमेरिकन नियतकालिकात आपले निकाल छापले. तुम्हाला वाटेल की जग बदललं असेल. छे! कोणी फारसं लक्षच दिलं नाही. उलट १९७१ मध्ये कनेक्टिकटच्या डॉ. टर्को यांनी एकाच वेळी सगळे आखडलेले भाग मोकळे करणारं मोठं ऑपरेशन मांडलं, आणि पुढची पंचवीस वर्षं जगभर त्याचीच चलती होती. ऑपरेशन दिसतं, त्याचा फोटो निघतो, दोन तासांत निकाल हातात येतो. दर मंगळवारी बाळाचा पाय हातात घेऊन कापूस गुंडाळत बसणं याला काय ग्लॅमर?

पण पोन्सेटी एका बाबतीत भाग्यवान होते, त्यांना दीर्घ आयुष्य मिळालं. १९९५ मध्ये आयोवाच्याच कूपर आणि डिएट्झ यांनी त्यांच्या जुन्या रुग्णांचा तीस वर्षांनंतरचा अहवाल छापला. ४५ माणसं, ७१ पाय. त्यांतल्या ७८ टक्के लोकांचा निकाल उत्तम किंवा चांगला होता. आणि जन्मापासून सरळ पाय असलेल्या लोकांना हीच फूटपट्टी लावली तर? ८५ टक्के. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या सरळ पायवाल्यांपेक्षा फार थोडे मागे. तिशी-चाळिशीतली ही माणसं उभं राहून नोकऱ्या करत होती. वर ज्यांची मोठी ऑपरेशनं झाली होती त्यांचे पाय याच वयात कडक होऊन दुखू लागले होते. पुढच्याच वर्षी, वयाच्या ८२व्या वर्षी, पोन्सेटींचं पुस्तक आलं. आणि त्याच सुमारास इंटरनेट घरोघरी पोचत होतं. अमेरिकेतल्या आई-बापांनी आपल्या बाळांचे आधीचे-नंतरचे फोटो एकमेकांना दाखवले आणि आपापल्या डॉक्टरांना विचारायला सुरुवात केली, की तुम्ही हे का करत नाही? ३० वर्षं एक शोधनिबंध जे करू शकला नाही ते पालकांनी पाच-सात वर्षांत केलं. २००४ मध्ये आयोवाहून १५७ मुलांच्या २५६ पायांचे निकाल आले, तेव्हा मोठ्या ऑपरेशनशिवाय सरळ झालेल्या पायांचं प्रमाण ९८ टक्के होतं. २००९ मध्ये डॉ. पोन्सेटी ९५व्या वर्षी गेले, तोपर्यंत त्यांची पद्धत जगभर पहिली पसंती झाली होती.

आता अमेरिकेतून आपल्याकडे यायच्या आधी आफ्रिकेत थांबू, कारण आपल्याला हवा तो धडा तिथे आहे. युगांडात जन्मलेले आणि पुढे कॅनडात स्थायिक झालेले डॉ. शफीक पिरानी यांनी ही पद्धत युगांडात नेली. तिथे अस्थिरोगतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मग प्लास्टर घालायला शिकवलं कोणाला? डॉक्टर नसलेल्या, पण हाडांच्या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय सहायकांना. मलावीमध्येही तेच केलं गेलं, आणि २००५ मध्ये तिथले चांगले निकाल छापून आले. पाय किती वाकडा आहे आणि किती सुधारला हे मोजायला पिरानींनी शून्य ते सहाची सोपी मोजपट्टी केली, तिला यंत्र लागत नाही, फक्त डोळे आणि बोटं लागतात. आणि बूट? परदेशी बूट महाग. मग तिथल्याच चामड्याचे आणि लोखंडी पट्टीचे बूट बनवले गेले. स्टीनबीक नावाच्या डच तंत्रज्ञाने केलेली ही रचना आज भारतातही वापरतात.

आपल्याकडे अपंग मुलांच्या उपचारांची परंपरा पोलिओने घडवली. मुंबईत फातमा इस्माईल यांनी आपल्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर १९४७ मध्ये अशा मुलांसाठी संस्था उभी केली, हाजी अलीचं मुलांचं अस्थिरोग रुग्णालय त्यातूनच झालं. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, परळचं वाडिया बाल रुग्णालय सुरू झालं होतं. म्हणजे प्लास्टर, कॅलिपर, मुलांची हाडं याचं ज्ञान मुंबईत होतं. पण नवापूरहून मुंबई म्हणजे सुरत मार्गे रात्रभराचा प्रवास, आणि तोही पाच-सहा आठवडे, दर आठवड्याला, तान्ह्या बाळाला घेऊन! गावात तर पाय वाकडा दिसला की पोलिओच म्हणायची सवय होती. पोलिओला उपचार नाही हे सगळ्यांना माहीत, मग वाकड्या पायालाही नाही असं आपोआप ठरून जायचं. भारतात पोलिओचा शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मधला आहे. त्यामुळे आज तान्ह्या बाळाचा पाय जन्मापासून वाकडा असेल तर तो पोलिओ आहे असं समजून गप्प बसायला काही कारणच उरलेलं नाही.

चित्र बदललं ते २०१३ मध्ये. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, आणि तो दिल्लीत नाही, आपल्याच पालघरमध्ये (तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी तालुक्यात). जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे ३० आजार आणि दोष शोधायचे, आणि उपचार मोफत करायचे अशी ही योजना. त्या तीसच्या यादीत क्लबफूट आहे. प्रत्येक फिरत्या पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी. आणि त्याच्याही आधी आशाताई. बाळ दवाखान्यात जन्मलं तर पहिल्या सहा आठवड्यांत सहा भेटी, घरी जन्मलं तर सात. नवजात बाळाला घरी जाऊन तपासायची ही कल्पना मूळची आपल्या गडचिरोलीतल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातली. पहिल्याच भेटीत बाळाचं दुपटं उघडून पाय बघितले की काम झालं. त्याला सोनोग्राफी नको, एमआरआय नको. शिवाय क्युअर इंडियासारख्या संस्था सरकारी रुग्णालयांच्या जोडीने क्लबफूटचे दवाखाने चालवायला मदत करतात.

मग प्रश्न सुटला की! नाही सुटला. इथेच नवापूर येतं.

मी एक हिशोब केला. (इंजिनिअरला दुसरं येतं काय?) सहा प्लास्टर, प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर डॉक्टरांचे हात बाळाच्या पायाला लागतात एकूण दोन तास. त्यानंतर सुरू होतात बूट. एका पट्टीला जोडलेले दोन बूट, पाय बाहेरच्या दिशेला वळवून ठेवणारे. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास, मग वयाच्या चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत रोज रात्री आणि दुपारच्या झोपेत. चारच वर्षं धरली आणि रोजचे बारा तास धरले तरी सतरा हजार तासांच्या वर जातं. म्हणजे दोन तास दवाखान्याचे आणि सतरा हजार तास घरचे! आणि पाय परत वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, बूट सुटणं. २००४ मधल्या एका अमेरिकन अभ्यासातही हेच दिसलं. कारण उघड आहे. पाय सरळ झालेला दिसतो, मूल पळायला लागतं, रात्री बूट घातले की रडतं, आजी म्हणते, "अगं राहू दे की आता, चांगला तर झालाय पाय." आणि आजीचं बरोबरच वाटतं, कारण डोळ्यांना पाय सरळच दिसत असतो.

आता हे सतरा हजार तास नवापूर तालुक्याच्या कॅलेंडरवर ठेवून बघा. तालुका बहुसंख्य आदिवासी, मावची आणि कोकणी बोलणारा. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, पुष्कळशी सीमेपलीकडे दक्षिण गुजरातेत. उसाच्या पडावावर उन्हाळ्यापर्यंत मुक्काम. बाळ ऑक्टोबरमध्ये जन्मलं, तर दुसरं-तिसरं प्लास्टर होईपर्यंत मुकादमाची गाडी दारात. पुढचं प्लास्टर कुठे? आशाताईंची वही महाराष्ट्रात आणि बाळ गुजरातेत. तिथेही सरकारी दवाखाने आहेत, तिथेही हीच योजना आहे, पण त्या वहीत या बाळाचं नाव नाही. त्यात बूट लहान होतात, वाढत्या पायाला दर काही महिन्यांनी नवा जोड लागतो. तो कोण देणार? नंदुरबार पन्नासेक किलोमीटर, धुळं आणि सुरत शंभराच्या पुढे. अलीकडे नंदुरबारला सरकारी मेडिकल कॉलेज झालं ही चांगली गोष्ट. पण एसटीचं भाडं माफ होत असलं तरी बुडालेली मजुरी कोण देतं? प्लास्टरच्या पावडरपेक्षा आईची बुडालेली मजुरी महाग आहे, हे या सगळ्या उपचाराचं खरं अर्थशास्त्र आहे.

याचा अर्थ पद्धत आपल्यासाठी नाही असा मुळीच नाही. उलट आहे. मोठं ऑपरेशन करायचं तर मुलांचा सर्जन हवा, भूलतज्ज्ञ हवा, ऑपरेशन थिएटर हवं, आणि तरी तीस वर्षांनी पाय दुखणारच. फ्रान्समध्ये आणखी एक चांगली बिनऑपरेशनची पद्धत आहे, पण तिला महिनोन् महिने रोज फिजिओथेरपिस्ट लागतो. तान्ह्या बाळाचा पाय तालुक्याच्या पातळीवर सरळ करता येईल अशी पद्धत हीच, युगांडा-मलावीने ते करून दाखवलंय. आणि उशीर झालेल्या मुलांसाठीही दार बंद नाही. ब्राझीलमध्ये चालायला लागलेल्या मुलांवर ही पद्धत वापरली आणि बहुतेकांचे पाय मोठ्या ऑपरेशनशिवाय सुधारले, हे २००७ मध्ये छापून आलं. फक्त प्लास्टर जास्त लागतात.

मला वाटतं आपण या उपचाराकडे बघतो ते प्रोजेक्टच्या डिलिव्हरीसारखं. पाय सरळ झाला, फोटो काढला, केस क्लोज. खरं तर डिलिव्हरी हा दोन तासांचा भाग होता, पुढचा सगळा मेंटेनन्स आहे आणि तो एका बाईच्या खांद्यावर टाकलेला आहे. मेंटेनन्सला माणूस लागतो, बजेट लागतं, कोणीतरी फोन करून विचारावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बाळाची नोंद तिकडच्या दवाखान्याला कळवावी लागते. वाढत्या मापाचे दोन जोड निघतानाच बरोबर द्यावे लागतात. हे काही रॉकेट सायन्स नाही. दोन राज्यांच्या दोन वह्या एकमेकींशी बोलायला हव्यात, एवढंच. आणि असलं काम आपण लोक पोट भरायला रोज करतो, बँकांसाठी आणि विमान कंपन्यांसाठी.

शेवटी थोडं आपल्यासाठी. शहरात आता पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वाकडा पाय पुष्कळदा दिसतो, आणि रिपोर्ट हातात घेऊन नवरा-बायको रात्रभर गुगल करत बसतात. मी डॉक्टर नाही, पण एवढं सांगू शकतो की बाकी काही दोष नसेल तर हे घाबरायचं प्रकरण नाही, तयारीचं आहे. जन्माआधी काही करायचं नसतं. मुलांच्या हाडांच्या अशा डॉक्टरांना आधीच भेटून ठेवा जे ही पद्धत नेहमी करतात, आणि विचारा की तुमच्याकडे बुटांचा पाठपुरावा कोण करतं. या प्रश्नाला उत्तर मिळालं तर जागा बरोबर आहे.

आणि तुमच्या घरी काम करणाऱ्या मावशींच्या नातवाचा, साइटवरच्या मजुराच्या बाळाचा पाय असा दिसला तर "अरेरे" म्हणून पुढे जाऊ नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात हे मोफत होतं, ऑपरेशन लागत नाही आणि यात आईचा काही दोष नाही, या तीन गोष्टी सांगा. तिसरी आधी सांगा. आणि पाय सरळ झाला की पेढे जरूर खा, पण पुढची चार वर्षं अधूनमधून फोन करून एकच प्रश्न विचारत राहा, "ताई, काल रात्री बूट घातले होते ना?"

असो. बराच लांबला लेख. पुढच्या शनिवारी भेटू.